नमुन्याची रिंग

होय किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. पण सरकारी कागदाला तेवढ्यासाठीसुद्धा पाऊण पान जागा सोडलेली असते. तो कागद नागपुरात हिंगणा रोडच्या शेडमध्ये, लेथ मशीनच्या डोक्यावर, तीन दिवसांपासून पडून होता आणि रामाजी त्याच्याकडे न बघता काम करत होता.

विचारलं होतं ते असं: सूत कातायच्या साच्याला लागणारी रिंग आपण बनवता, अशी नोंद आहे, तर मिलला हव्या तेवढ्या चांगल्या रिंगा आपण पुरवू शकाल काय? रामाजीनं होय लिहिलं, की मिलचा परदेशातून रिंगा मागवायचा अर्ज फेटाळला जाणार. नाही लिहिलं, की रामाजीचं नाव देशी कारखानदारांच्या यादीतून जाणार, आणि नावामागून सरकारी पोलादाचा कोटाही जाणार. कोटा गेला की शेड गेली. शेडमध्ये चार माणसं कामाला होती.

रिंग म्हणजे लहान पोरीच्या बांगडीएवढी पोलादी कडी. तिच्यावरून तारेचा बारीकसा आकडा गरगर फिरतो, त्यातून धागा जातो आणि चातीवर गुंडाळला जातो. रिंग कडक असली तर सूत निघत राहतं. मऊ असली तर ती महिन्याभरात झिजते आणि धागे तुटू लागतात. रामाजीच्या रिंगा मऊ होत्या. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या चारही माणसांना ठाऊक होतं, आणि ताराचंदइतकं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताराचंद हा रामाजीच्या धाकट्या बहिणीचा, गोपिकेचा नवरा. मिलमध्ये साच्यावर होता. दिवसभर तुटलेले धागे जोडून जोडून त्याच्या बोटांची साल निघायची. आता तर या रिंगांपायी मिलनं बारा साचे बंदच करून ठेवले होते, आणि ताराचंदला आठवड्यातून दोन दिवस काम मिळायचं. पण त्यानं मेहुण्याला त्यावरून एक शब्द कधी ऐकवला नाही. एकदा भांडला असता तर रामाजीला बरं वाटलं असतं.

सुरुवात अडुसष्ट साली झाली. रामाजी तेव्हा रेल्वेची टर्नरची नोकरी सोडून, सरकारी योजनेतून हप्त्यावर लेथ मशीन घेऊन नवाच शेडमध्ये बसला होता. त्याच्या बापानं गावात मेलेली ढोरं ओढली होती. छप्पन साली रामाजीनं पांढरा सदरा घालून दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून त्यानं मनाशी एक धरलं, की आपण हातानं काहीतरी असं बनवायचं की कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये. त्यात सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयातून मनोहरराव नावाचे साहेब फॉर्म घेऊन आले. भला माणूस. सांगून सांगून गळा बसला होता त्यांचा. "जे देशात बनेल ते बाहेरून येऊ द्यायचं नाही. रोपट्याला कुंपण पाहिजे की नको? दहा वर्षं कुंपण. मग झाड आपलं आपण उभं राहतं. तुम्ही काय काय बनवू शकता, बोला."

रामाजी बोलला, "रिंग."

नमुना बनवायला त्याला नऊ दिवस लागले. भंगारवाल्याकडे जुन्या विलायती मशिनीचा मोडका दांडा मिळाला होता, वीतभर. तो कापत, चुकत, फेकत शेवटी एकच धड रिंग निघाली, पण अशी निघाली की बोट फिरवलं तर बोट थांबू नये. नमुना पास झाला. मनोहररावांनी तो कार्यालयाच्या काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: स्वदेशी, नागपूर. विलायती दांड्याची गोष्ट कुणी विचारली नाही, आणि रामाजीनंही आपणहून सांगितली नाही. त्याला वाटलं, तसलं पोलाद मिळेल पुढे.

ते मिळालं नाही. कोट्यात यायचं ते पोलाद खिडकीचे गज करायच्या लायकीचं. चांगलं पोलाद बाहेरून मागवावं, तर देशात पोलाद बनतं म्हणून परवानगी नाही. मिलनं रिंग बाहेरून मागवावी, तर देशात रामाजी बनवतो म्हणून परवानगी नाही. सगळा देश एकमेकाला अडवून बसला होता आणि प्रत्येकाजवळ त्याचा शिक्का मारलेला कागद होता.

चौथ्या दिवशी दुपारी गोपिका शेडमध्ये आली. ती कधी येत नसे. मशीन थांबेपर्यंत उभी राहिली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "भाऊ, ते घरी बसून राहिले का मले काही सुधरत नाही. तू रिंगा बनवतं, तं चांगल्या काहून नाही बनवत?"

सहा वर्षांत इतका सरळ प्रश्न त्याला ना सरकारनं विचारला होता, ना मिलनं.

"तसं पोलाद नाही भेटत वं."

"तं मंग नाही बनत म्हणून सांगून दे ना त्याईले."

तिला एवढं सोपं वाटतं याचा त्याला राग आला, आणि ते खरंच एवढं सोपं होतं याचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी तो सायकल हाणत सदरला गेला. मनोहरराव आता निवृत्तीला आले होते. टेबलावर फायलींच्या थप्प्या, मागे ते काचेचं कपाट. रामाजीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "साहेब, तो नमुना विलायती पोलादाचा हाये. आपल्या पोलादात ते रिंग बनत नाही."

मनोहररावांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सहा वर्षं मी ती रिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आहे," ते म्हणाले. मग हळूच, "होय लिहा ना रामाजी. होय लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. नाही लिहिलं तर तुमचं कुंपण जाईल."

"कुंपण पक्कं होतं साहेब. पाण्याचं पाहाले कोणी नव्हतं."

मनोहरराव रागावले नाहीत. त्यांनी पेन पुढे केलं. रामाजीनं लिहिलं, 'मी ही रिंग बनवू शकत नाही.' तुझ्यानं होणार नाही, असं सांगणारे त्याला जन्मभर पुष्कळ भेटले होते. आज ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं आणि खाली सही केली. जिना उतरताना त्याच्या खिशात नमुन्याची रिंग होती. साहेबांनी कपाट उघडून ती परत दिली होती. ती कुठे ठेवावी हे न सुचून त्यानं ती गोपिकेच्या घरी कोनाड्यात ठेवून दिली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कुणातरी आशावादी माणसानं केली असावी. मिलची परवानगी यायला अकरा महिने लागले. तोवर रामाजीची शेड गेली, मशीन गेलं, माणसं जिकडेतिकडे पांगली. पन्नाशीच्या उंबऱ्यावर तो दुसऱ्याच्या शेडमध्ये पंपाचे दांडे घासू लागला. साचे मात्र सुरू झाले. ताराचंद आठवडाभर कामाला जाऊ लागला, आणि त्याच्या बोटांना पुन्हा साल धरली.

एका रविवारी गोपिकेनं भावाला जेवायला बोलावलं. भिवापुरी मिरची घालून वांग्याचं भरीत केलं होतं. जेवता जेवता ताराचंद म्हणाला, "भाऊ, सांगायचं राहूनच गेलं. माह्या साच्याले एक रिंग कमी आली होती. मी कोनाड्यातली तुमची नेली अन् फिटरकडून लावून घेतली."

रामाजीचा घास हातात राहिला. "कधी?"

"झाले तीन महिने. साच्यावर चारशे रिंगा, त्यातली एक तुमची, बाकी विलायती. मी दिवसभर समोर उभा राहतो, पण तुमची कोणती ते मले सांगता नाही येत."

"धागा तुटते का?"

"नाही तुटत."

"एकबी नाही?"

"नाही गा भाऊ."

रामाजीला रडू आलं. शेड गेली तेव्हा आलं नव्हतं, सदरच्या जिन्यावर आलं नव्हतं, ते आता भरल्या ताटावर आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. गोपिका घाबरून जवळ आली.

"काहून रडून राहिला गा?"

"माह्या हातात काही कमी नव्हतं वं," तो म्हणाला.