टोपी

"हवालदार, टोपी काढा की जरा. डोकं शिजलं असेल आतमध्ये," चहाचा ग्लास पुढे करत लताबाई म्हणाली. नाक्यावर तिची चहाची टपरी होती आणि निवृत्ती गांगुर्डेला छेडण्याचा हक्क तिने केव्हाच मिळवला होता.

निवृत्तीने नुसती मान हलवली. एप्रिलची सकाळ, सव्वादहा वाजून गेलेले. घाम टोपीच्या कडेखालून निघून भुवईत आणि भुवईतून डोळ्यांत उतरत होता. तो त्याने बोटाने निपटून टाकला.

"शिवून घेतली का काय डोक्याला?"

"हो. पुढच्या महिन्यात रिटायर झालो की उसवतो."

लताबाई हसली. निवृत्तीला हसू आलं नाही. पंचवटीतल्या या नाक्यावर त्याची अठरा वर्षं गेली होती आणि त्यांतली शेवटची आठ वर्षं त्याने ड्यूटीवर कधी टोपी काढलेली नव्हती. लोकांना वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे. वरच्या साहेबांनी तर एकदा चारचौघांत त्याचं उदाहरण दिलं होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

सकाळी आठ ते अकरा गावात ट्रक बंद, असा नियम होता. त्या वेळात शाळा भरायच्या, कचेऱ्या उघडायच्या, गोदावरीकाठी गंगेवरचा भाजीबाजार जोरात असायचा. सटाणा, मालेगावकडून कांदा घेऊन आलेले ट्रक नाक्याबाहेर एकामागे एक उभे राहायचे. कधी वीस, कधी चाळीस. अकराला सगळे एकदम सोडले की प्रत्येकाला आपणच पुढे असावं असं वाटायचं आणि पुढच्या चिंचोळ्या रस्त्यात अशी काही गर्दी व्हायची की सायकलसुद्धा निघायची नाही.

यावर निवृत्तीने आपला एक उपाय काढला होता. रांगेतली पहिली गाडी तो पाच मिनिटं आधीच सोडायचा. ती गावात शिरून वळली, की मग बाकीच्या एकेक करून. कामाला सोपं आणि कुणाला त्रास नाही. पण हे नियमात बसत नव्हतं. उघड हात करावा तर कुणीतरी तक्रार करणार, शिट्टी वाजवावी तर सगळेच सुटणार. म्हणून त्याने खूण ठरवली. तो टोपी काढायचा, कपाळ पुसायचा आणि टोपी परत घालायचा. त्या वाटेवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ते माहीत होतं. टोपी निघाली की पहिली गाडी हलायची.

एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, अशाच एका सकाळी, पहिली गाडी सटाण्याच्या भिकाची होती. भिका शांत माणूस. रांगेत उभं असताना उगाच हॉर्न वाजवणार नाही, खाली उतरून गोणपाटाच्या तुकड्याने काच पुसत बसेल. ऊन मी म्हणत होतं. निवृत्तीच्या डोक्याला खाज सुटली, हात आपोआप वर गेला, टोपी निघाली, कपाळ पुसलं गेलं. घड्याळाकडे त्याने पाहिलंच नव्हतं. दहा चाळीस झाले होते.

मागे इंजिन सुरू झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. गाडी त्याच्या बाजूने पुढे सरकली, भिकाने रोजच्यासारखी मान लववली. शिट्टी निवृत्तीच्या हातात होती. ती वाजवली असती तर गाडी तिथेच थांबली असती. पण रांगेतले सगळे बघत होते. आता थांबवायचं म्हणजे सगळ्यांदेखत आपली चूक कबूल करायची. एक गाडी वीस मिनिटं आधी गेली तर असं काय बिघडतं, असं त्याला वाटलं आणि शिट्टी हातातच राहिली.

वळणापाशी अक्काबाई पत्रावळी विकायला बसायची. समोरच्या नळावरून तांब्या भरून आणायला ती दिवसातून चारदा रस्ता ओलांडायची आणि ट्रकबंदीच्या वेळात इकडेतिकडे बघायचीही नाही. "अकरापत्तुर रस्ता माझा," असं ती निवृत्तीला ऐकवायची, आणि त्यालाही ते कौतुकाचं वाटायचं. त्या दिवशीही ती तशीच निघाली. तांब्या गटारापर्यंत घरंगळत गेला. ती जागच्या जागी गेली.

खटला उभा राहिला. कोर्टात निवृत्तीला विचारलं, "आरोपीला आत सोडण्यासाठी तुम्ही हात केला होता?"

"नाही."

"शिट्टी वाजवली होती?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. टोपी त्या वेळी त्याच्या काखेत होती. पिंजऱ्यातून भिका त्या टोपीकडे बघत होता. हा आता सांगेल, याची वाट बघत तो बराच वेळ तसाच उभा होता. निवृत्ती खाली उतरला. मग भिकाला विचारलं, बंदी असताना गाडी आत का घातलीस? तो म्हणाला, "चुकलं साहेब." टोपीचं नाव त्याने काढलं नाही. दीड वर्षाची सजा झाली आणि लायसन्स कायमचं गेलं.

आपण खोटं बोललो नाही, असं निवृत्तीने स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. ते पटलं असतं तर आठ वर्षं घाम डोळ्यांत घेत तो उभा राहिला नसता.

"राम राम, हवालदार."

निवृत्तीने चहाचा ग्लास खाली ठेवला. समोर कांद्याच्या गोण्यांनी भरलेली हातगाडी होती आणि ती ओढणारा माणूस पिकलेल्या केसांचा, खांदे उतरलेला. ओळखायला वेळ लागला नाही. हा चेहरा तो आठ वर्षं रोज मनात बघत आला होता.

"भिका?"

"व्हय. आजपासूनच इकडं काम धरलं. ट्रक अकरापर्यंत आत जाईना, मंग घाईचा माल आमी वढतो."

लताबाई गिऱ्हाइकांत गुंतली होती. निवृत्ती हातगाडीजवळ गेला. बोलायचं ते कितीतरी वेळा मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"कोर्टात तू टोपीचं का नाही बोललास?"

भिकाने खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली. "मले वाटलं, तुमी सांगशाल. तुमी बोलले नाय. मंग म्या म्हनलं, माझी गाडी तं गेलीच, आता ह्यांची नोकरी कशाला घालवू."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"पायजे व्हतं." तो शांतपणे म्हणाला. "जेलात लय शिव्या दिल्या तुमाले. रोज. मंग एक दिस वाटलं, टोपी कोनी बी काढो, चाकं तं माझी व्हती. म्हातारी मले दिसायला पायजे व्हती."

"मी साहेबांकडे जातो. सगळं लिहून देतो. अजून नोकरीत आहे तोवर."

"आता लिवून काय व्हनार? डोळ्याले दिसत नाय नीट. लायसन घेऊन काय करू?" भिकाने हातगाडीच्या दांड्यावर हात ठेवला. "पन तुमाले लिवायचं आसंल तर लिवा. तुमच्यासाठी."

या माणसासमोर आपण टोपी घालून ताठ उभे आहोत, याची निवृत्तीला एकदम लाज वाटली. त्याने दोन्ही हातांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. पांढऱ्या केसांवर ऊन पडलं.

मागे इंजिन सुरू झालं.

रांगेत पहिली गाडी मालेगावच्या पुंजारामची होती. वीस वर्षं याच वाटेवर असलेला ड्रायव्हर, खूण विसरलेला नव्हता. गाडी हळूच हलली. वळणापलीकडून शाळेच्या मुलांची रांग रस्त्यात उतरत होती. निवृत्ती टोपी हातात धरून नुसता वळला. खिशातली शिट्टी त्याला सापडेना.

भिकाने दांडा सगळ्या अंगानिशी फिरवला. हातगाडी रस्त्यात आडवी झाली, वरची एक गोणी घसरून खाली आली. तो हात वर करून ट्रकच्या तोंडासमोर उभा राहिला. ट्रक थांबला.

"हवालदार," मागे न बघता तो म्हणाला, "टोपी घाला. अकराले अजून येळ शे."

निवृत्तीने टोपी घातली. मग त्याने रस्त्यावर वाकून गोणीचं एक टोक धरलं, दुसरं भिकाने धरलं. पुंजारामने इंजिन बंद करेपर्यंत हातगाडी तशीच आडवी होती. नंतर भिकाने ती सरळ केली आणि तो गावात शिरला. हातगाडीला बंदी नव्हती.