जयवंतीचा तिसरा नंबर

जयवंती गप्प बसली आहे, असं आगाशी गावात कुणाला सांगितलं असतं तर ते हसले असते. पण त्या संध्याकाळी ती खरोखरच ओटीवर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. समोर मांडवावर सोललेली राजेळी केळी उघडी पडली होती आणि दिवस कलत चालला होता.

पाच-सहा दिवस उन्हात वाळली की या केळ्यांची सुकेळी होतात. दुपारी एकदा परतायची, ऊन उतरायच्या आत चटयांनी झाकायची, एवढंच काम. पण एका रात्रीचं दव लागलं की बुरशी धरते. गेल्या वर्षी तेच झालं. जयवंतीची तेवीस वर्षांची लेक रोशनी चटया आणायला माळ्यावर चढली आणि तिथले डबे लावत बसली. डबे काय सुरेख लावले होते! केळी मात्र फेकून द्यावी लागली.

"पुढच्या टायमाला पन नासली, तर राजेळी उपटून सोनचाफा लावनार," हरेश्वरने, तिच्या बापाने, जाहीर करून टाकलं.

रोशनी दोन दिवस रिकाम्या मांडवाभोवती घुटमळली. मग म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षीची मी एकटी करणार."

पोरगी आळशी आहे, वेंधळी आहे, असं गावभर सांगणारी जयवंतीच होती. त्यावर तिचा उपाय एकच, सतत मागे लागायचं. ऊठ, गॅस बंद कर, चावी घेतलीस का, आता तरी निघ! एव्हरशाईन सिटीतल्या अश्लेषा मॅडम समुपदेशन करायच्या. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही नसाल तेव्हा कोण सांगणार?" कामाला सुरुवात करणं, आधी काय नि नंतर काय हे लावणं, वेळेचा अंदाज घेणं, हे रोशनीच्या मेंदूला जड जातं, असं त्या म्हणाल्या. तिची इच्छा कमी पडत नाही. तिला आठवण आईच्या तोंडून नको, डोळ्यांसमोर हवी, आणि ती कशी ठेवायची हे तिनेच ठरवायला हवं. घरी आल्यावर जयवंती मोरीत जाऊन रडली. तेवीस वर्षं लेकीला बोललेलं सगळं तिला एकदम आठवलं.

मोबाइलचा गजर रोशनी बंद करायची आणि विसरायची. म्हणून यंदा तिने अंगणातल्या एका दगडाला चुना फासला. माडाची सावली त्या दगडाला टेकली की केळी झाकायची. चटया माळ्यावरून आधीच उतरवून मांडवाखाली ठेवल्या. आईकडून मात्र वचन घेतलं, "मम्मी, तू एक शब्द बोलायचा नाही." चार दिवस सावली आली आणि चारही दिवस रोशनी उठली.

पाचव्या दिवशी दुपारनंतर मळभ आलं. सावलीच नाही तर दगडाला टेकणार काय? रोशनी पायरीवर बसून सुकेळीच्या पुड्यांवर चिकटवायच्या कागदांवर केळ्याचे घड रंगवत होती. मान वर करायला तयार नाही. जयवंती ओटीच्या कडेला सरकली. एक हाक मारली तर केळी वाचली असती, पण मग पोरीचं काय उरलं असतं? तिने पदर दातात धरला.

कोपऱ्यावर विरारच्या बसने हॉर्न दिला. रोशनीने ब्रश पाण्यात टाकला, उठली आणि एकामागून एक चटया पसरल्या. शेवटी चारी बाजूंनी फिरून कुठे फट राहिली नाही ना, तेही पाहिलं.

"सावली नव्हती. मग टायम झाला ते तुला कललं कसं?" जयवंतीने पदर सोडला.

"मळभ कधीतरी येणारच होतं ना! म्हणून दुसरा नंबर साडेपाचच्या बसचा ठेवलेला."

"आनि बस नाय आली तर?"

"मग तू. अंधारलं असतं तर वचन मोडून ओरडलीच असतीस ना! तिसरा नंबर तुझा. तुला सांगितलं नाही, नाहीतर तू दुपारपासूनच चालू झाली असतीस."

जयवंतीला हसावं की रडावं कळेना. पोरीने पुढचा विचार केला होता, तोही एकटीने.

दुसऱ्या दिवशी सुकेळी बांधताना हरेश्वरने एक तोडून तोंडात टाकलं. मग आणखी एक. चाफ्याचं नाव त्याने काढलं नाही.

"रोज तूच आठवन केली असशील," तो बायकोला म्हणाला.

"नाय," जयवंती ताठ बसून म्हणाली. "माजा नंबरच नाय आला."