पाढेताईंची पत्र्याची पेटी

मित्रांनो, ते साल होते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तेव्हा मात्र नवी होते. डोक्यावर चिठ्ठी टाकण्यापुरती फट, पुढे पितळी कुलूप आणि अंगाला हिरवा रंग. देशात किती माणसांना नशेची किंवा गोळ्यांची सवय लागली आहे, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी माझ्यासारख्या शेकडो पेट्या घडवल्या गेल्या. माझे भाग्य असे की, मी पाहणीसाठी घरोघर फिरणाऱ्या पाढेताईंच्या हाती पडले.

हे नाव त्यांना गल्लीतल्या मुलांनी दिले. त्याचे असे झाले. पहिल्या दिवशी ताईंनी घरोघर तोंडी विचारले. जो तो म्हणे, "आमच्याकडे नाही हो तसलं कोणी. पलीकडे विचारा." पलीकडचे अलीकडे बोट दाखवत. चाळीस घरे झाली आणि उत्तर आले शून्य.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पुढे केले. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देत आणि सांगत, "हो किंवा नाही, एवढंच लिहा. नाव नको. कोणाची कुठली चिठ्ठी, हे कुणालाही कळणार नाही. माझा शब्द आहे." मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत, म्हणजे त्या चोरून बघत नाहीत याची खात्री पटे.

गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या घरी ताई म्हणाल्या, "एकोणतीस सक एकशे चौऱ्याऐंशी..."

"चौऱ्याहत्तर!" मागून आवाज आला. "मी चिठ्ठी लिहू, की तुमचा पाढा तपासू?"

ताई भिंतीकडे बघूनच हसल्या.

मोजणीच्या दिवशी कचेरीत माझे कुलूप उघडले. ज्या गल्लीत शून्य होते, तिथल्या अकरा चिठ्ठ्यांवर 'हो' होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला. अकरावी चिठ्ठी मात्र वेगळी होती. तिच्यावर चक्क नाव आणि पत्ता होता. गल्लीतल्या सुताराने लिहिले होते, 'शिडीवरून पडलो तेव्हा दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणे गेले, गोळ्या राहिल्या. तीन वर्षे झाली. मला सुटायचे आहे. कोणाला सांगू नका, पण या.'

"नाव लिहिलेली चिठ्ठी बाद," साहेब म्हणाले. "नियम आहे."

"मोजणीतून करा बाद. पण माणसाला कसं बाद करू, साहेब?"

"मग जा त्याच्या घरी."

"एकाच दारी गेले, तर गल्ली म्हणेल पेटी फोडली. मग कोण खरं सांगेल? आणि त्याचीही शोभा होईल."

मग ताईंनी उपचार केंद्राचा पत्ता आणि सोमवारची वेळ चाळीस कागदांवर स्वतःच्या हाताने लिहिली, ते माझ्यात भरले आणि पुन्हा चाळीसही दारे वाजवली. काहींनी कागद घेतला, काहींनी दार लावले. ताईंचा आवाज कुठेही चढला नाही.

सुताराच्या घरी त्याची आई दारात आली. "आमच्यात नाही गं बाई तसलं. दुसरं दार बघ."

आतून सुतार म्हणाला, "घे आई, घे. कपाट डुगडुगतंय, पायाखाली घडी करून लावतो." त्याने कागद खिशात ठेवला. ताईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

सोमवारी सकाळी ताई मला घेऊन केंद्राच्या बाकावर बसल्या. दहा वाजले. अकरा वाजले. ताईंची बोटे माझ्या कडीशी चाळा करत होती. तेवढ्यात फाटक वाजले आणि आत आल्या मोठ्या बाई. झोपेच्या गोळ्यांशिवाय त्यांचा डोळा लागत नव्हता, बारा वर्षे! पाठोपाठ सुतार आला आणि त्यांना पाहून दारातच थबकला.

"बाई, तुम्ही?"

"हो, मी. उभा काय राहिलास? बस इथे. माझे गुडघे दुखतात, मी काही उठायची नाही."

तो त्यांच्या शेजारी बसला आणि रडला. महिनाभरात त्या गल्लीतून सातजण आले.

पुढे काय झाले, तेही सांगते. सुतार पहिल्या वर्षात दोनदा घसरला, दोनदा परत आला, मग सावरला. त्याची आई त्याच्या हातचे नवे कपाट सगळ्यांना दाखवत असे. मोठ्या बाई नव्वदीपर्यंत जगल्या. झोप कमीच, पण स्वतःची. साहेबांनी वर लिहून नवा नियम करून घेतला आणि पुढच्या पाहणीत देशातल्या प्रत्येक चिठ्ठीसोबत उपचार केंद्राचा पत्ता गेला. पाढेताई निवृत्त होऊन भाचीकडे राहतात. ती चिठ्ठी कोणाची होती, हे त्यांनी भाचीलाही सांगितलेले नाही. सुताराने ते स्वतःच सगळ्यांना सांगितले, मोठ्या बाईंनीही आपले सांगितले, म्हणून मी बोलले.

मी कचेरीच्या माळ्यावर आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कुणी धीर करून आपले खरे दुखणे तुम्हाला सांगू लागले, तर हसू नका आणि ते चारचौघांत बोलू नका. आणि त्याने 'या' म्हटले, तर जा.