न्हाणीतली राख

हुबळीच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा पुंडलिक बायकोने घडवलेले कप भट्टीत रचत होता. देवकी गेली होती. त्याने हातातला कप आत ठेवला, फडक्याला बोटं पुसली आणि जीप बोलवायला जोयड्याच्या रस्त्यावर गेला. तेरावं झाल्यावर त्याने ती भट्टी पेटवली.

भाजलेले कप मग पावसाळाभर फळीवर राहिले. त्यांच्यावर झिलई चढवायची होती, पण झिलईच धरेना. स्वतःच्या वाट्यांवर त्याने ती लावून पाहिली. भट्टी उघडली की वाट्या टिण् टिण् वाजायच्या आणि चकचकीत थरावर केसासारख्या भेगा पसरायच्या. थर पातळ केला, भट्टी जास्त तापवली, सावकाश निवू दिली. भेगा जाईनात. झिलईत जायचं ते तेवढंच: राख, पांढरी माती, दगडाची पूड. माप देवकीचंच, बादलीही तीच. तिचे कप बिघडले तर पुन्हा होणार नव्हते.

मेव्हणी तारा भाकरी घेऊन आली तेव्हा तो न्हाणीतल्या चुलीतून राख उपसत होता.

"भावोजी, ही पांढरी कशी?"

"राखच ती. आणि कशी असंल?"

"अक्काची काळपट असायची. ती भाताचं तूस जाळायची न्हवं?"

पुंडलिकचा हात थांबला. देवकी असताना पाण्याच्या हंड्याखाली गिरणीतलं तूस दिवसभर धुमसत असे. एकटा पडल्यापासून तो लाकडं घालत होता. लवकर पेटतात म्हणून.

"तूस!" तो ओरडला. "तारा, तूस गं!"

"व्हय, तूस. त्यात नाचण्यासारखं काय हाय?"

"गिरणी उघडी असंल?"

"भाकरी तरी खावा!"

तो पोतं घेऊन निघालाही होता.

तुसाच्या राखेची पहिली वाटी भट्टीतून निघाली तेव्हा दोघंही तिला कान लावून उभी राहिली.

"वाजत न्हाई," तारा म्हणाली.

"थांब जरा."

त्याने वाटीत उकळतं पाणी ओतलं, मग लगेच विहिरीचं गार. शाई चोळली, पुसली. शाई कुठेच उतरली नाही, एकही भेग दिसली नाही.

"बसली! बसली!" त्याने फळीवर थाप मारली, तसे वरचे कप हादरले.

"बसली न्हवं? मग आता तेवढे फोडू नका."

त्याच दुपारी तो कप बुडवायला बसला. कोपरापर्यंत हात भरले, तोंड चालूच होतं. कुठला किती वेळ धरायचा, कुठला कुठे ठेवायचा, सगळं ताराला सांगत होता. ती फळीवरून एकेक काढून देत होती. शेवटचा तिने हातात फिरवून पाहिला.

"ह्याला धरायला कान न्हाई, भावोजी."

पुंडलिकने तो घेतला, बुडवला, निथळू दिला आणि बाकीच्यांच्या रांगेत ठेवला.

"तिला हुबळीला न्यायला गाडी आली तवा तेवढा लावायचा राहिला," तो म्हणाला.