चढावर राहिलेला दगड

मी दगड बोलतोय. देवळातला नव्हे, की पाट्यावरचा नव्हे; खाणीतला नारळाएवढा, ओबडधोबड. 'दगड आहेस नुसता!' असं माणसं एकमेकांना म्हणतात तेव्हा मला राग येतो. पण एक खरं आहे, कुणी हलवल्याशिवाय मी जागचा हलत नाही. त्यानंच घात केला.

आकाराम ट्रॅक्टरवाल्याच्या घराचा पाया भरताना उरलो आणि त्याच्या अंगणात पडून राहिलो. त्याची लेक अनुजा स्कूटीवरून गारगोटीला कॉलेजला जायची, बारावी सायन्सला. एकदा तिनं मला गच्चीवर नेलं. दुसऱ्या हातात लिंबाएवढा खडा घेतला.

"आई, लांब सर. यातलं आधी कोण पडंल?"

"जड हाय ते आधी पडणार की!" आई खालून ओरडली.

पोरीनं दोघांना एकदम सोडलं. माझा वेग असा वाढत गेला, की जमीनच अंगावर धावून आली. खडा आणि मी बरोबरच आपटलो. "आगं बया! परत सोड बघू," आई म्हणाली. अनुजानं लाल रंगानं माझ्यावर ९.८ लिहिलं. पडणाऱ्याचा वेग सेकंदाला एवढ्यानं वाढतो म्हणे. मला भारी मिरवल्यासारखं वाटलं.

उसाचा हंगाम आला आणि आकारामनं मला उचललं. "उटीला बरा हाय," म्हणाला. चढाला ट्रॉली थांबली, की मागं घसरू नये म्हणून चाकामागं दगड लावतात, तीच उटी. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मी एकटा तोलून धरायचो.

त्या दिवशी गारगोटीकडचा ऊस घेऊन आम्ही बिद्रीच्या साखर कारखान्याकडं निघालो होतो. आमच्या गावाअलीकडच्या चढावर मोळ्या कलल्या. आकारामनं गाडी थांबवून मला चाकामागं सारलं, दोर आवळला आणि कशीबशी गाडी काढली. ट्रॅक्टरनं एकदा जोर धरला, की चढात थांबायची सोय नसते. थांबला तर पुन्हा उचलत नाही. आकारामनं मागं वळून पाहिलं. "र्‍हा हितंच, येताना नेतो," म्हणाला आणि गेला. सगळे ट्रॅक्टरवाले असंच करतात.

मी रस्त्यात. दिवस मावळलेला. खालून एक स्कूटी येताना दिसली, आणि माझं काळीज फाटलं. कॉलेजातून घरी निघालेली अनुजाच होती! चढ एका दमात चढावा म्हणून तिनं खालूनच वेग धरलेला. समोरून ट्रकचा उजेड तिच्या डोळ्यांवर आला. सर गं बाई, सर, मी ओरडत होतो; पण दगडाला तोंड कुठलं? चाक माझ्यावर आदळलं. गाडी थांबली, पोरगी नाही थांबली. ती पुढं जाऊन पडली.

मांडीचं हाड मोडलं. आकारामनं मला परत अंगणात आणून टाकलं. बऱ्याच दिवसांनी अनुजा कुबड्या घेऊन बाहेर आली. माझ्यावरचा आकडा तिनं पाहिला.

"आप्पा, यो दगुड चढाला कुणी सोडलता?"

आकारामनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"गाडी थांबवली असती तर परत उचलली नसती. व्हय न्हवं?" ती हळूच म्हणाली.

आणि तो एवढा मोठा बाप्या गुडघ्यात डोकं घालून रडला.

आता मला तारेनं आवळून साखळीनं ट्रॉलीला बांधलंय. गाडी निघाली, की मीही मागून फरफटत जातो. ९.८ कधीच घासून गेला.

काल त्याच चढाला, भरल्या ट्रॉल्या घेऊन ऐन जोरात असताना, पुढं दुसऱ्याच कुणाचा तरी दगड रस्त्यात दिसला. आकारामनं ब्रेक दाबला. मला चाकामागं लावलं, आणि जाऊन तो दगड पायानं ढकलत पार गटारीत घातला. परत आला तर ट्रॅक्टर उचलेना. मागं गाड्यांची रांग लागली, शिव्या सुरू झाल्या.

"ओ पावणं, चढाला कुणी थांबतंय व्हय?"

"मी थांबतो!" आकाराम ओरडला.

दोन ट्रॉल्यांचा भार माझ्या छातीवर होता. बाबांनो, आम्हाला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. काल मी तसूभर मागं सरलो नाही.