फाटकावरची बोगनवेल

तेर्योने पुला देऊन टाकला, हे ऐकून आमच्या गल्लीत आधी कुणाचा विश्वासच बसेना. पुला हा त्याचा झुंजीचा कोंबडा. लालभडक, मानेवर सोनेरी पिसं, आणि नखरे असे की नवऱ्या मुलाने लाजावं. वेल्डिंगचं काम बाजूला टाकून तेर्यो त्याचे पाय चोळत बसायचा. "हा बायको विकेल, पण कोंबडा विकणार नाही," असं लोक तोंडावर म्हणायचे. त्याची बायको फेलिसा त्यावर म्हणायची, "गिऱ्हाईक आलं की मला आधी सांगा, केस विंचरून बसते."

आणि तो कोंबडा गेला तरी कशावर? कॉम्प्युटरच्या एका कार्डावर! तेही कुणीतरी वापरून काढलेल्या.

पण तो कॉम्प्युटर रोवेनाचा होता, त्यामुळे हसायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

रोवेना त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन तिने तो कॉम्प्युटर जोडून घेतला होता. खास गेम खेळायचा, एका बाजूला काच, आत निळे दिवे. त्या वेळी अख्ख्या गल्लीत तसा दुसरा नव्हता. तैवानला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिने तो बाहेरच्या खोलीत मांडला आणि बापाला, तिच्या तातायला, गेम खेळायला शिकवलं.

"फोनवर तू काय बोलतोस, ताताय? 'जेवलीस का?' आणि लगेच फोन नानायच्या हातात. त्यापेक्षा इथे भेटू. इथे चालता येतं, बसता येतं."

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही बोललास तरी चालेल. शेजारी उभा तर राहशील."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, तिची पाळी संपली की, बापलेक त्या गेममध्ये भेटायचे. तिने तिथे तळ्याकाठी जागा घेऊन घर बांधलं होतं. कानाला हेडफोन लावून तेर्यो इकडे मोठमोठ्याने बोलायचा, आणि फेलिसाला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

"बोगनवेल लावलीय फाटकावर, ताताय. छान दिसते ना?"

"वा! काय दाट आलीय! गुलाबी गुलाबी नुसती!"

"आणि तळ्याकडे तोंड करून बाक ठेवलाय. सरळ आहे ना?"

"अगदी सरळ!"

खरं सांगायचं तर तेर्योला डोंबल दिसत नव्हतं. गेम दर वर्षी जड होत गेला आणि कॉम्प्युटर म्हातारा. त्याने धाप टाकू नये म्हणून दुकानदार कोकोयने चित्राचा दर्जा पार तळाला नेऊन ठेवला होता. म्हणजे कसं, तर जमीन हिरवी, पाणी निळं, भिंती राखाडी, आणि बारीकसारीक वस्तू मुळी दाखवायच्याच नाहीत. ना वेल, ना बाक, ना कंदील. दिसायची फक्त रोवेनाची बाहुली, म्हणजे गेममधली ती स्वतः, पिवळ्या झग्यातली. ती बस म्हणाली की हा बसण्याचं बटण दाबायचा आणि दोघं हिरव्या जमिनीवर शेजारी शेजारी बसायची.

"लाज नाही वाटत पोरीला खोटं सांगायला?" फेलिसा ओरडायची.

"खरं सांगितलं तर जादा पाळ्या करून नवं कार्ड पाठवेल ती. आधीच झोपत नाही."

यावर फेलिसा पुन्हा चुलीकडे वळायची. तिलाही पोरीची झोप हवीच होती.

आणि मग लेंटच्या उपासांआधी, कारखान्यासमोरचा रस्ता ओलांडताना, एका गाडीने रोवेनाला उडवलं. मागाहून शवपेटी आली, आणि तिच्याबरोबर तिच्या सामानाचं खोकं आलं. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, शेजारणींनी कॉफी केली, बिस्किटं वाटली. सगळे गेल्यावर तेर्यो आणि फेलिसा एकमेकांच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा टाळायला लागले. बघितलं की रडू यायचं, आणि एकाला आलं की दुसऱ्यालाही.

बऱ्याच दिवसांनी, सवयीने म्हणा की वेड्या आशेने म्हणा, तेर्योने गेम उघडला. बाहुली कुठे नव्हती. फाटकासमोर गेल्याबरोबर पडद्यावर सूचना आली, की मालक बरेच दिवस फिरकलेला नाही, तेव्हा येत्या रविवारी हे घर आणि बागेतल्या सगळ्या वस्तू काढून टाकल्या जातील. गेमचा नियमच आहे तो, जागा दुसऱ्याला मिळावी म्हणून. गेममध्ये शिरायचा तिचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता.

तेर्यो तसाच उठला आणि कोकोयच्या दुकानात गेला. बगलेत रोवेनाच्या खोक्यातला लॅपटॉप.

"हा चालू कर. हिचं घर मला एकदा बघायचंय, रविवारच्या आत. एकदाच. मग काय पाडायचं ते पाडू देत."

कोकोय तिशीचा, तोंडाने फटकळ, पण रोवेनाच्या वर्गातला. त्याने लॅपटॉप उलटसुलट केला. झाकणाची बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली, कळा झिजलेल्या. बटण दाबून काही होईना. उघडून बघितलं आणि मान हलवली. वडीलधाऱ्यांना सगळे म्हणतात तसं तो तेर्योला नोंग म्हणायचा.

"गेलाय हा, नोंग. पाणी शिरलंय आत. आणि ती यावर खेळायची? अहो, हे ऑफिसात पत्रं टाइप करायचं..."

"यावरच सगळं बांधलंय तिने. सगळं दिसायचं तिला," तेर्यो एकदम चढ्या आवाजात म्हणाला.

कोकोयने त्याच्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

"मग दुसरा उपाय म्हणजे तुमच्याच मशीनला नवं कार्ड," तो म्हणाला. "चित्रं रंगवायचं काम तेच करतं. माझ्याकडे एक आहे, स्वतःसाठी ठेवलेलं. पण नोंग..."

"पुला घे."

"कोण? कोंबडा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ते कधीचंच नाहीये. घेतोस की नाही?"

शनिवारी दुपारी कार्ड घरी आलं. हातभर लांब, दोन पंखे असलेलं जडशीळ धूड. घरी येऊन बसवून देतो असं कोकोय म्हणाला होता, पण तेर्योने त्याला वाटेला लावलं. आयुष्यभर जीपनी गाड्यांचे पत्रे कापले-जोडले, मला काय कॉम्प्युटरची एक पेटी उघडता येत नाही? काच काढली. आत धुळीचे हे एवढाले पुंजके. आणि धुळीत एक लांब केस, रोवेनाचा. त्याने तो खिशात ठेवला आणि कामाला लागला.

कार्ड मावेना. बोटभर लांबीला पेटीतला एक पत्र्याचा कप्पा आडवा येत होता. तेर्योने करवत आणली आणि कप्पा कापून काढला. पेटीला वीज पुरवणारा जुना डबाही कोकोयच्या सांगण्यावरून बदलला. कार्ड बसलं, पण वजनाने एका बाजूला लोंबायला लागलं, तेव्हा बांबूची कामटी तासून त्याच्या खाली टेकू दिला. पंखे गरगरले, दिवे लागले. पडदा मात्र काळा ठिक्कर.

त्याने सगळं काढलं, परत बसवलं. काळाच. पुन्हा काढलं. उद्या रविवार, आणि मी माझ्या हाताने तिची मशीन मारली, असं म्हणत तो जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

फेलिसा सुकट भाजता भाजता बाहेर आली. एप्रनला तिने डोळे पुसले आणि पेटीच्या मागे वाकून बघितलं. रोज ती पेटी पुसणारी तीच.

"ही पडद्याची वायर जुन्याच भोकात आहे. या नव्या धुडाला खाली स्वतःची भोकं आहेत की. त्यात नको का घालायला?"

तिने वायर काढली, नव्या कार्डात खुपसली आणि पडदा उजळला.

"चाळीस वर्षं वेल्डिंग करतोय म्हणे," ती म्हणाली आणि सुकट जळायला लागली म्हणून आत पळाली.

कोकोयने सांगितलं होतं तसं तेर्योने काय काय भरून घेतलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केली, आणि गेममध्ये जाऊन चित्राचा दर्जा तळापासून थेट वर नेला. मग चालत चालत फाटकाशी आला.

तळं दिसलं. खरं तळं, पाण्यात ढग हलत होते. गवताला पाती होती, ती वाऱ्याने वाकत होती. बघतोय गं इंदाय, माझ्या पोरी, बघतोय मी, असं तेर्यो पुटपुटला आणि त्याने बोगनवेलीसाठी मान वर केली.

फाटकावर वेल नव्हती.

वेल होती घराच्या आत. स्वयंपाकघराच्या मधोमध उगवून, छप्पर फोडून वर आलेली. गुलाबी, आणि दाट, त्याने थापा मारल्या होत्या अगदी तशी. तो आत गेला, बाहेर आला. कंदील आंब्याला टांगलेत असं ती म्हणायची. दोन कंदील गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते आणि एक आंब्यापासून चार हातांवर, कशालाच न टांगता, हवेत जळत होता. बाकाचा एक पाय गुलाबाच्या झाडात घुसला होता. आणि बाकाची पाठ होती तळ्याकडे. तोंड राखाडी भिंतीकडे.

पहिल्यांदा त्याला वाटलं, कार्ड खराब आहे. कोकोयने फसवलं. मग त्याची नजर टेबलावर परत आणून ठेवलेल्या लॅपटॉपवर गेली, त्या चिकटपट्टीवर, झिजलेल्या कळांवर. पत्रं टाइप करायचं...

तिलाही काही दिसत नव्हतं.

यादीतली नावं वाचून ती वस्तू घ्यायची आणि अंदाजाने हिरव्या जमिनीवर ठेवायची. तिच्याकडेही तीच हिरवी जमीन, त्याच राखाडी भिंती. स्वतःची चांगली मशीन ती बापाकडे ठेवून गेली होती. तिला वाटत होतं, ताताय सगळं बघतोय. छान दिसते ना? सरळ आहे ना? पोर कौतुक करून घेत नव्हती. ती खरंच विचारत होती. तिला दुसरं कोण सांगणार होतं? तिचे डोळे म्हणजे हाच. आणि याने काय केलं? अगदी सरळ! 'थोडा फिरव' एवढं जरी म्हणाला असता. किंवा 'मलाही दिसत नाही गं' म्हणाला असता, तर हसली असती ती, 'मलाही नाही' म्हणाली असती, पोट धरून हसली असती दोघं.

तेर्योने तोंडात मूठ कोंबली. आवाज आत जायला नको होता. बाक फिरवून ठेवावा म्हणून त्याने माउस नेला, पण वस्तू तिच्या होत्या, फक्त तिलाच हलवता येणार होत्या.

"दिसलं का?" आतून फेलिसाने विचारलं. "कसं आहे?"

त्याने डोळे पुसले, घसा खाकरला.

"ती सांगायची ना, अगदी तसंच."

"खोटं बोलू नकोस हं."

"शपथ. ये, बघ."

बोलून गेला आणि त्याला जीभ चावावीशी वाटली. फेलिसा एप्रनला हात पुसत आली. इतकी वर्षं तिने त्या पडद्यात कधी डोकावून बघितलं नव्हतं. पण दोघांची बोलणी तिने रोज ऐकली होती, एकेक शब्द. त्याच्या खुर्चीमागे ती उभी राहिली. छपरातून आलेली वेल बघितली. हवेतला कंदील बघितला. मग टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं आणि त्याच्या झाकणावरून हात फिरवला.

तेर्योने बसण्याचं बटण दाबलं. त्याची बाहुली बाकावर बसली, तळ्याकडे पाठ करून, भिंतीकडे बघत. शेजारची जागा मोकळी होती.

"बाक सरळ आहे ना?" त्याने विचारलं. मागे वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

फेलिसाचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"अगदी सरळ," ती म्हणाली.