आधी केशरी, मग हिरवा

सांगते ते शब्दन्‌शब्द खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या ऑलिव्हच्या झाडांना यंदा एक फळ धरू नये, आणि उरलेले तीन दात आजच गळून पडोत. शपथ माझी आहे, दातही माझेच.

तर लुक्राने बॅटरी चार्जरमध्ये ठेवली आणि दिवा लगेच हिरवा दिसला.

दुपारचे दोन वाजत आले होते. लुक्रा म्हणजे आमच्याच गल्लीतली, चौऱ्याहत्तर वर्षांची, बारा महिने काळा झगा. तिची नात येर्का शहरातल्या लोकांना कयाक नावाच्या एकेकट्याच्या वल्ह्याच्या होड्यांतून समुद्रावर फिरवायची, आणि धक्क्यावरच्या कोठीत बसून त्यांच्या हातातल्या रेडिओंच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम लुक्राकडे होतं. संध्याकाळी रेडिओ परत आले की गोड्या पाण्यात विसळायचे, कोरडे करायचे, बॅटऱ्या काढायच्या, त्यांच्या पितळी टिकल्या सुक्या फडक्याने पुसायच्या आणि चार्जरमध्ये ठेवायच्या. आधी केशरी दिवा लागतो. भरली की हिरवा. येर्काने हे तिच्याकडून महिनाभर घोकून घेतलं होतं.

पण ही बॅटरी तर मेलेली होती. काल रेडिओ चालूच होईना म्हणून येर्काने बाजूला काढून ठेवलेली. मेलेल्या बॅटरीला केशरी न होता हिरवा कसा लागेल? लुक्राने ती उचलली. रिकाम्या चार्जरवरही दिवा हिरवाच. परत ठेवली, हिरवा. परत उचलली, हिरवा.

म्हणजे दिवा बॅटरीबद्दल काही सांगतच नव्हता. आपल्यापुढे कोणी येऊन बसलंय हेच त्याला कळत नव्हतं.

लुक्राने टिकलीवर अंगठा फिरवला. अंगठा चिकट झाला. तिने तो नाकाशी नेला आणि स्टुलावर बसली.

आता बघा, आमच्या बेटावर खारा वारा लोखंड खातो. बिजागऱ्या, कात्र्या, मेलेल्या नवऱ्याचा सुरा, जे जे धातूचं त्याला आम्ही तेल लावतो. आईने लावलं, तिच्या आईने लावलं. तीन दिवसांपूर्वी टिकल्यांवर हिरवट गंज दिसला तेव्हा लुक्राने दुसरं काय करायचं होतं? सॅलडवरची बाटली घेतली आणि प्रत्येकीला एकेक थेंब. रोज संध्याकाळी. येर्काला बोलली नाही, कारण ती पोरगी शिंकेलासुद्धा पुस्तक काढते. तेल आटलं, डिंकासारखं झालं, त्यावर धूळ बसली, आणि बॅटऱ्या तीन दिवस चार्जरमध्ये उपाशी बसून राहिल्या.

काल येर्काने विचारलंही होतं. नोना म्हणजे आमच्याकडे आजी.

"नोना, एक बंद पडली. बाकीच्यांची पण पडद्यावर चार्जची एकेक काडी कमी दिसतेय. नीट चार्ज केल्यास ना?"

"हिरव्यागार होत्या. या डोळ्यांनी बघितल्या."

येर्का रोज निघण्याआधी प्रत्येक रेडिओचं बोलायचं बटण दाबून बघायची, कारण नुसतं ऐकताना काड्या शहाण्यासारख्या उभ्या असतात, बोलायला लागलं की कोसळतात. आज फेरीबोट लवकर आली, सहा पाहुणे धक्क्यावर उभे, आणि तिने बटण दाबलं नाही. हिरव्यागार म्हटल्या ना नोना.

लुक्राने खिडकीतून बघितलं.

समोर तीन किलोमीटरवर छोटं बेट. सातही कयाक त्याच्या आपल्या बाजूच्या पुळणीवर असणार. बेटाच्या मधोमध डोंगर, त्यामुळे तिथून पश्चिमेचं आकाश दिसत नाही, आणि फोनही लागत नाही. म्हणून त्यांचा ठरलेला रिवाज होता. दोन वाजता येर्का रेडिओवर विचारायची, "नोना, पश्चिम?" आणि लुक्रा बघून सांगायची. मग ते पाण्यात उतरायचे.

आज डोंगराच्या दोन्ही बाजूंना, पाण्याला टेकून, शाईसारखी पट्टी होती. नेवेरा. आमच्याकडे उन्हाळ्यात येतो तो वादळवारा. अर्ध्या तासात येतो, मोडायचं ते मोडतो, आणि जातो.

कोठीतला रेडिओ भिंतीच्या विजेवर चालायचा. लुक्राने तोंडाजवळ धरला.

"येर्का, येर्का, मी कोठी. ऐकतेस?"

खरखर.

"येर्का, पश्चिम वाईट आहे. तिथेच थांब."

खरखर. मग टक्क असा आवाज आला आणि अर्धाच शब्द, "नो—", आणि पुढे काही नाही.

पोरीने बटण दाबलं होतं. दाबलं आणि काड्या कोसळल्या. बाकीचे रेडिओ तरी कुठे वेगळे होते?

तिने रेडिओवर संकटाचं सोळा नंबरचं चॅनेल लावलं आणि बंदरवाल्यांना बोलावलं. पलीकडचा माणूस नीट बोलला. बचावाची बोट आमच्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला होती, पाऊण तास लागेल.

ती बाहेर धावली. म्हातारा टोन्ची, आमचा बोटवाला, धक्क्यावर टेबल मांडून सार्डिन मासे खात होता. शेजारी वर्तमानपत्रावर त्याच्या बोटीचं इंजिन सुटं करून पसरलेलं.

"हे कधी जोडशील?"

"जेवण झाल्यावर. तू कशाला पळतेस, लुक्रे? या वयात कोणी मागे लागलंय का?"

लुक्राने पश्चिमेकडे बोट दाखवलं. टोन्चीने वळून बघितलं आणि काटा खाली ठेवला.

"पोरगी पलीकडे आहे?"

"सात जण. रेडिओ बंद पडलेत."

"सगळे? एकदम?"

लुक्राने झग्याचा नाडा सोडायला घेतला.

"अगं ए!"

"तोंड बंद कर आणि बांबू आण."

रेडिओ नव्हते तेव्हा आमच्या बायका असंच करायच्या. नवरे समुद्रात असले आणि पश्चिम काळी पडली की चुना लावलेल्या भिंतीवर काळा झगा पसरायचा. अर्थ एकच, येऊ नका. येर्काने लहानपणी ही गोष्ट लुक्राच्या मांडीवर शंभर वेळा ऐकली होती. लुक्राचा झगा जुन्या घेराचा, त्यात एखाद्या बोटीचं शीड निघेल.

टोन्ची मान वळवून बांबू धरून उभा राहिला.

"मी बघत नाहीये."

"बघ की. तुझ्याच्याने आता काय होणार आहे? नीट ताण, सुरकुती पडतेय."

झगा कोठीच्या भिंतीवर पसरला. खाली लुक्रा पांढऱ्या परकरात, हाताने कपाळावर आडोसा धरून. पाणी निळं, गुळगुळीत. तिकडून बघणाऱ्याला वाटावं, असा दिवस पुन्हा मिळायचा नाही.

"निघाले का?" टोन्चीने विचारलं.

"दिसत नाही."

"नसतील निघाले."

"तुला काय माहीत?"

लुक्राचा चिकट अंगठा परकरावर पुसला जात होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. तिला लाटेच्या प्रत्येक चमकेत वल्हं दिसत होतं.

मग पट्टी डोंगराच्या वर आली. आधी वारा थांबला, समुद्रपक्षी खाली बसले, आणि नेवेरा आला. टोन्चीने तिला ओढून कोठीत घेतलं. ताटलीसकट, पावासकट, वाइनच्या बाटलीसकट त्याचं टेबल वाऱ्याने उचललं, धक्क्यावरून नेलं आणि पाण्यात चार पायांवर उभं केलं. बाटली कलंडलीसुद्धा नाही. मग पाऊस आडवा आला आणि समोरचं बेट पुसलं गेलं.

लुक्रा चार्जरसमोर बसली. पाच दिवे होते, पाचही हिरवे. तिने ते बंद केले नाहीत.

पंचवीस मिनिटांनी ऊन पडलं. ती बाहेर आली. पाण्यावर काही नव्हतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बेटाच्या सावलीतून एक लाल ठिपका सुटला. दोन. चार. सहा. लुक्राने सहा पुन्हा मोजले. सातवा सगळ्यात मागे होता, कारण येर्का नेहमी सगळ्यात मागे असते.

तिची कयाक धक्क्याला टेकली तेव्हा बंदरवाल्यांना बोट नको म्हणून कळवून लुक्रा ओल्या परकरातच उभी होती.

"नोना, हे काय?"

"झगा दिसला ना तुला?"

"कुठला झगा?" येर्काने भिंतीकडे बघितलं. बांबू आडवा पडला होता, झगा खाली चिखलात. "एवढ्या लांबून भिंतच धड दिसत नाही."

"मग थांबलीस कशी?"

"तुझा आवाज आला नाही. काड्या वाचवायला रेडिओ बंद ठेवला होता, दोनला चालू करून बटण दाबलं आणि तो मेला." येर्काने खांद्यावरून रेडिओ उतरवला. "पाहुणे कुरकुरत होते. आकाश एवढं निळं, आणि म्हातारीच्या परवानगीची वाट काय बघायची? म्हटलं, ती बोलल्याशिवाय मी पायसुद्धा भिजवत नाही."

ती कोठीत गेली. रेडिओतून बॅटरी काढली, उजेडात तिरपी धरली, वास घेतला. मग फळीकडे बघितलं, जिथे चार्जरच्या शेजारी सॅलडवरची बाटली उभी होती. लुक्रा परकराची किनार पिळत होती.

"सुक्या फडक्यानेच पुसतेस ना, नोना?"

"सुक्याच."

येर्काने स्पिरिट आणि कापूस काढला, टिकल्या पुसल्या, चार्जरच्या पिनाही पुसल्या, आणि बॅटरी ठेवली. दिवा केशरी झाला. तिने दुसरं स्टूल ओढलं. दोघी तो हिरवा होईपर्यंत तिथे बसून राहिल्या. त्याला अडीच तास लागले.

दातांना हात लावून बघते. आहेत तिन्ही. पण एक गोष्ट मी पदरची घातली, ती आता सांगून टाकते. टेबलाची नाही, टेबल तस्संच झालं, टोन्चीला विचारा. आमच्या गल्लीत लुक्रा नावाची बाई कधी नव्हती. येर्का धक्क्यावरून वर येतेय बघा, हातात बॅटऱ्या आहेत. तिने विचारलं तर सांगा, नोना आम्हाला लुक्राची गोष्ट सांगत होती.